मधला हॉल कोणाच्या ताब्यात?

मार्च सरत आला की भाईंदरच्या आमच्या जेसल पार्कात खाडीवरून येणारा वारा बदलतो. सकाळी तो थोडा गार, थोडा खारट असतो आणि दुपारपर्यंत नुसती वाफ होते. परीक्षा एकेक करून संपतात. महिनाभर खिडकीत पुस्तक धरून पेंगणारी मुलं भर उन्हात मैदानावर उतरतात आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फुटलेल्या काचांचे फोटो यायला लागतात. परवा संध्याकाळी मी भाजी घेऊन येत होते, तर मैदानावर क्रिकेटची बाउंड्री आखणं चाललं होतं. बांधकामाच्या जागेवर इमारतीचा पाया आखायला चुन्याची पांढरी पूड वापरतात. आम्ही तिला फक्की म्हणतो. तीच पोरांनी कुठून तरी पैदा केली होती. मी बघत उभी राहिले. "आंटी, साइड में हो जाओ ना, आप बाउंड्री के अंदर हो," कोणीतरी ओरडलं. मी मुकाट्यानं रेघेच्या बाहेर झाले.

घरी आले, भाजीची पिशवी ओट्यावर टाकली आणि पंख्याखाली बसून राहिले. काही वर्षांपूर्वीचा असाच एक उन्हाळा मी फक्कीच्या रेघांमध्ये काढला होता. त्या उन्हाळ्याचं मी कधी कोणाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही घडलंय असं मला वाटतच नव्हतं.

मी आर्किटेक्ट आहे. हे म्हटलं की लोक विचारतात, "मग कुठले कुठले बंगले बांधलेत?" बंगला मी आयुष्यात एकही बांधलेला नाही. आमची फर्म सरकारी, निमसरकारी कामं घेते, त्यामुळे माझी हयात जिने, संडास, रॅम्प आणि आग लागली तर पळायच्या वाटा काढण्यात गेली. माणसं कुठून आत येतील, कुठं थांबतील आणि कुठून बाहेर पडतील, एवढंच मला कळतं. त्यातलंही थांबण्याचं जास्त कळतं, कारण आपल्याकडे सरकारी इमारतीत शिरलेला माणूस मुख्यतः थांबतो. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण ज्यानं काढली त्याला बसायला बाक तरी मिळाला होता का, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

त्या वर्षी आमच्याकडे भाईंदरच्या ऐन मध्यावर एक नागरी केंद्र उभारण्याचं काम आलं. कल्पना चांगली होती. जन्म-मृत्यूची नोंद एकीकडे, रेशन दुसरीकडे, तलाठी तिसरीकडे, असं माणसाला गावभर हिंडवण्यापेक्षा ही सगळी खाती एका छपराखाली आणायची. एकच दार, एकच खिडकी, एकच झेरॉक्स मशीन. शिवाय वर एक वाचनालय. किनाऱ्यावरच्या उत्तन-तारोडीकडचा माणूस एकदा बसनं आला की सगळी कामं उरकून दुपारी जेवायला घरी, असं आमच्या फर्मचे सर मीटिंगमध्ये हात पसरून सांगायचे. कल्पना त्यांची असली तरी ती माझ्या अंगात भिनली होती. त्याला कारण माय.

माय त्या वर्षीच पौषात गेली. ती मूळची नांदेडकडची. बाबा नोकरीसाठी मुंबईला आले, घाटकोपरच्या चाळीत आमचं सगळं आयुष्य गेलं, आणि बाबा वारल्यावर मी आणि माय इकडे जेसल पार्कात राहायला आलो. माझं लग्न राहून गेलं. त्याची कारणं आता मलाही नीट आठवत नाहीत. भाऊ सुरतेला असतो, त्याचा फोन येतो. मायचा स्वभाव असा की माणूस दिसला की पहिला प्रश्न, "गाव कोणतं?" शेजारच्या हंसाबेनना तिनं पहिल्याच दिवशी जिन्यात अडवून विचारलं, "आपका गाव कोनसा?" त्या म्हणाल्या, भावनगर. झालं. तेव्हापासून माय टीव्हीवर नांदेडचं तापमान बघायचीच, वर भावनगरचंही बघून ठेवायची आणि दार वाजवून सांगायची, "बेन, आज तुमच्याकडं लई तापलंय बरं का!" हंसाबेन चाळीस वर्षांत भावनगरला गेल्या नव्हत्या. पण त्या अगदी गंभीरपणे मान हलवायच्या आणि म्हणायच्या, "अरे बाप रे, मायजी."

माय गेल्यावर नांदेडला किती तापतंय हे मला कळेनासं झालं. फोनवर दिसतं ते. पण मी कधी बघितलं नाही.

तर माय गेली आणि तेरा दिवस माणसांची वर्दळ राहिली. पुण्यानुमोदनाचा विधी झाला, भाऊ परत गेला, चुलतभावंडं आपापल्या कामाला लागली आणि मी एक प्लास्टिकची फाइल घेऊन घराबाहेर पडले. आधी मृत्यूची नोंद. मग रेशनकार्डावरनं नाव कमी करायचं. मग तिला बाबांचं निवृत्तिवेतन मिळायचं ते बंद करायचं. मग गॅस, तो तिच्या नावावर होता. मग मतदारयादी. प्रत्येक ठिकाणी खिडकीपुढं उभं राहून मी तेच वाक्य म्हणायचे, "माझी आई वारली." पहिल्या खिडकीवरच्या बाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "बसा, पाणी घ्या." दुसरीकडे एक गृहस्थ म्हणाले, "वय काय होतं? एक्क्याऐंशी? मग सोनं झालं म्हणायचं." तिसरीकडच्या मुलीनं वर न बघता विचारलं, "सोबत कोण आहे?" मी म्हटलं, कोणी नाही, मीच. चौथ्या जागी काउंटरवरचा माणूस म्हणाला, "माझी पण गेल्या दिवाळीत गेली." पाचव्या जागी सर्व्हर डाऊन होता, म्हणून दुसऱ्या दिवशी जाऊन पुन्हा सांगावं लागलं.

मला संताप यायचा. एकाच वाक्याचं ओझं घेऊन सगळ्या शहरात हिंडायचं म्हणजे काय चेष्टा आहे! प्रत्येक वेळी वाटायचं की आत्ता, इथं, या ओळखदेख नसलेल्या माणसासमोर मी रडणार. बाहेर आल्यावर बसायलाही कुठं जागा नसायची. एकदा मी फूटपाथवरच्या रसवंतीत बसून दोन ग्लास रस प्यायले, केवळ बाक होता म्हणून.

म्हणून नागरी केंद्राचा कागद पुढ्यात आला तेव्हा मी मनाशी एक गोष्ट पक्की केली. या इमारतीत माणसाला एकदाच सांगावं लागेल. आणि सांगून झाल्यावर बसायला एक जागा असेल, प्रशस्त, मधोमध, वारा येईल अशी. सगळ्या खात्यांची दारं त्या जागेत उघडतील. नकाशावर मी तिला साधं नाव दिलं, मधला हॉल.

आणि त्या हॉलवरूनच महाभारत पेटलं.

चार भांडी एकत्र आली की आवाज होणारच, हे मला ठाऊक होतं. पण ही भांडी एका फळीवर ठेवायच्या आधीच वाजायला लागली. दर मंगळवारी मीटिंग व्हायची. प्रत्येक खात्याचे साहेब यायचे, बिस्किटं खायचे, आणि "संकल्पना उत्तम आहे" अशी सुरुवात करून "फक्त आमच्यापुरता" असा शेवट करायचे. फक्त आमच्यापुरता वेगळा दरवाजा. फक्त आमच्यापुरतं कुलूपवालं टॉयलेट. फक्त आमच्यापुरती थोडी जास्त जागा, रेकॉर्ड फार आहे हो मॅडम. सगळ्यांना जास्त जागा हवी तर ती येणार कुठून? सगळ्यांच्या पेन्सिली फिरत फिरत मधल्या हॉलवर यायच्या. तो मोकळा पडलेला दिसायचा ना कागदावर. पांढरा, रिकामा. त्याचे पाच तुकडे करून पाच खात्यांना वाटून टाकले की मिटलं भांडण.

मीटिंगचे अध्यक्ष होते पाटणकरसाहेब. माणूस सज्जन, निवृत्तीला आलेला, बोलण्यात कधी आवाज चढायचा नाही. त्यांनी एका मंगळवारी नकाशावर बोट ठेवून मला विचारलं, "मॅडम, हा मधला हॉल कोणाच्या ताब्यात?"

मी म्हटलं, "कोणाच्याच नाही साहेब. सगळ्यांचा आहे."

"ते झालं भाषणात. मी विचारतोय, संध्याकाळी पंखा बंद कोण करणार?"

सगळे हसले. मलाही हसू आलं. खरंच, आपल्याकडे ज्याचा पंखा बंद करायला माणूस नाही ती जागा टिकत नाही. पाटणकर म्हणाले, "पुढच्या मंगळवारपर्यंत बघा काही जमतं का. नाहीतर वाटून टाकू."

तो आठवडा मला चांगला आठवतो. मी ऑफिसातून उशिरा निघायचे, घरी जायची घाई नव्हती. कुलूप काढून आत शिरलं की घर सकाळी जसं टाकून गेले होते तसंच असायचं, आणि मला त्याचाच राग यायचा. कोणीतरी एखादी वस्तू हलवून ठेवायला हवी होती. उशी तरी. दूध नासायचं, कारण अर्ध्या लिटरची पिशवी एकटीला संपत नव्हती आणि पाव लिटर मागायला जीभ रेटत नव्हती. हंसाबेन कधी ढोकळा आणून द्यायच्या. "कैसी हो बेटा?" विचारायच्या. मी "ठीक हूँ" म्हणायचे. दार लावून घेतलं की वाटायचं, दुसरं काहीतरी म्हणता आलं असतं. रविवारी मी बस पकडून उगाच उत्तनला गेले. बांबूंच्या ओळींवर बोंबील वाळत घातले होते आणि त्यांच्याखाली बसून बायका मोठमोठ्यानं भांडत होत्या. अर्धा तास मी ते भांडण ऐकत उभी होते. इतकं बरं वाटलं की परतीची बस चुकली.

कागदावरची जागा रिकामी दिसते, म्हणून तिच्यावर हात पडतो. मग ती कागदावर दाखवायचीच कशाला? नियोजित जागा म्हणजे स्टेशनपासून चालत जाण्याइतकं एक मोकळं मैदान होतं, एका बाजूला शिरीषाचं मोठं झाड. मी सरांना म्हटलं, आपण तिथं अख्खा नकाशा खऱ्या मापानं फक्कीनं आखू, आणि साहेब लोकांना आपापल्या खोलीत नेऊन बसवू. सर म्हणाले, "पाया खणताना आखतात गं बाई, मीटिंगसाठी कोण आखतं?" पण त्यांनी माणसं दिली. सकाळच्या उन्हात दोरी ताणून, वाकून वाकून आम्ही ती इमारत जमिनीवर काढली. भिंतींच्या दुहेरी रेघा, दारांच्या जागी मोकळं सोडलेलं. मधला हॉल मी मुद्दाम असा घेतला होता की शिरीषाची सावली त्याच्यावर यावी.

मंगळवारी साहेब लोक आले. भाड्यानं आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणि टेबलं आम्ही खोल्याखोल्यांतून मांडून ठेवली होती. आणि मग एक गंमत झाली. भिंत कुठंच नव्हती, नुसती पांढरी रेघ. पण एकाही माणसानं रेघ ओलांडली नाही. सगळे आखलेल्या दारातूनच आत-बाहेर करत होते. रेशनवाल्या साहेबांना स्टेपलर हवा होता, तो शेजारी तलाठ्यांच्या टेबलावर होता, हात लांबवला असता तर मिळाला असता. पण ते उठले, आपल्या दारातून बाहेर पडले, हॉलमधून वळसा घातला, आणि तलाठ्यांच्या दाराशी थांबून "येऊ का?" असं विचारून आत गेले. पाटणकरांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या.

त्याहून मोठी गंमत पुढं होती. मैदानात टेबलं, टेबलांमागं फायली घेतलेले साहेब, मधे पांढऱ्या रेघा. आपल्या माणसांना यातून एकच अर्थ कळतो, दाखल्यांचं शिबिर लागलंय. रस्त्यानं जाणारा एक जण आत डोकावला, त्यानं फोन केला, आणि पंधरा-वीस मिनिटांत रांगच लागली की! कोणाच्या हातात आधार कार्ड, कोणाच्या हातात रेशनकार्ड, एक जण चक्क पासपोर्ट साइज फोटो चिकटवत उभा. साहेब सांगतायत, "अहो, शिबिर नाही, इथं काही मिळणार नाही," आणि लोक समजूतदारपणे मान हलवून रांगेत तसेच उभे राहतायत. सरकारी माणूस पहिल्यांदा नाही म्हणतोच, हे त्यांना पाठ होतं. ऊन चढायला लागलं तशी माणसं आपोआप सावलीत सरकली, म्हणजे मधल्या हॉलमध्ये, आणि तिथं बसली. रेघेच्या बाहेर त्यांच्या चपला ओळीनं काढून ठेवलेल्या होत्या.

त्यात एक म्हातारी होती. डोक्याला गजरा, हातात रिकामी टोपली, तारोडीहून बाजाराला आलेली. नाव रोजाबाय. ती सरळ पहिल्या टेबलापाशी गेली.

"सायेब, मना नाव लावाचा हाय. घरावं."

"मावशी, इथं काही नाही होत. हे नुसतं आखलंय."

"नुसता आखलाय, तं तुमी बसलाव कशाला?"

साहेबांनी खुर्ची पुढं ओढली. ते म्हणाले, बरं, सांगा. तिनं सांगितलं. नवरा वारला, इनास त्याचं नाव, घर त्याच्या नावावर. साहेबांनी तिला कुठले कागद लागतील ते समजावलं आणि शेजारच्या खोलीत पाठवलं. ती दारातून बाहेर येऊन शेजारच्या दारातून आत गेली. तिथं म्हणाली, "सायेब, माजा घोव वारला."

हे साहेब दोन हातांवर बसून सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "ऐकलं मावशी मी. परत सांगायची गरज नाही."

रोजाबाय थांबली. "तुमी आयकला तो त्यांना सांगलेला. तुमाला मी कवा सांगला?"

आणि तिनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. या वेळी त्यात आणखी होतं. इनास बोटीवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या होता आणि देवळात, त्यांच्या चर्चमध्ये, त्याचा आवाज सगळ्यांत वर लागायचा. तिसऱ्या खोलीत तिनं पुन्हा सांगितलं, तेव्हा त्यात अर्धं विणून ठेवलेलं जाळं आलं, ते अजून खुंटीवरच हाय, खाली काराचं मन होत न्हाय. तिसरे साहेब पेन खाली ठेवून ऐकत होते. मी हॉलच्या कडेला उभी राहून मनात म्हणत होते, बघा, बघा काय हाल आहेत माणसाचे! म्हणून तर म्हणते, एकदाच सांगायची सोय हवी. मला माझाच मुद्दा सिद्ध होताना दिसत होता आणि माझे डोळे भरून आले होते.

दुपारी सगळे निघाले. पाटणकरसाहेब सावलीत जमलेल्या माणसांकडे बराच वेळ बघत होते. कोणी डबा उघडला होता, एक बाई दुसरीला रेशनकार्डावरचं काहीतरी वाचून दाखवत होती, रोजाबाय टोपली उशाला घेऊन चक्क आडवी झाली होती. जाताना ते मला म्हणाले, "राहू दे मॅडम हा हॉल. पंख्याचं मी बघतो."

त्या दिवशी मी खूश होते. पण घरी आल्यावर ती खुशी सांगायला कोणी नव्हतं. मायच्या फोटोला सांगायची मला सवय नाही, मला ते नाटकी वाटतं. मी भावाला फोन लावला, तो मीटिंगमध्ये होता. मग मी वरणाला फोडणी दिली.

एप्रिलच्या मध्यावर त्याच मैदानात जयंतीचा मांडव पडला. निळे झेंडे, निळ्या पताका, सकाळपासून स्पीकर. माझी फक्की अजून पूर्ण पुसली नव्हती. रेशन ऑफिसात पुरी-भाजीच्या पंगती बसल्या होत्या आणि तलाठ्यांच्या जागी बुंदीचं पातेलं होतं. मधल्या हॉलमध्ये पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका वंदनेला बसल्या होत्या. आदल्या वर्षीपर्यंत त्यांच्यात माय असायची, पुढच्या रांगेत, शेजारणीला गाव विचारत. मीही पांढरी साडी नेसून गेले होते. पण बसले नाही, कडेला उभी राहिले. कोणी ओळखीच्या बाई म्हणाल्या, "या की आत." मी म्हटलं, आलेच. आणि थोड्या वेळानं घरी निघून आले. का आले ते सांगता येणार नाही. कोणी मायचं विचारलं तर रडू येईल ही भीती होती, आणि कोणीच विचारलं नाही तर काय, हीसुद्धा होती.

संध्याकाळपर्यंत इतक्या पावलांखाली ती फक्की कुठल्या कुठं गेली. पुढं खरी इमारत उभी राहिली. माझ्या नकाशात होते तेवढे पंखे बसले नाहीत, वाचनालयाला वर्षभर पुस्तकं नव्हती, पण हॉल राहिला. लाकडी बाक, उंच खिडक्या, पश्चिमेचा वारा. एकच खिडकी झाली. तिथं एकदा नोंद केली की पुढचं सगळीकडे आपोआप जातं. उद्घाटनाला माझं नाव घेतलं नाही, ते ठीकच आहे. त्यानंतर मी तिकडं फिरकले नव्हते. मला तिथं काम काय?

परवा मैदानावरून मला पोरांनी हाकललं आणि काल सकाळी माझे पाय तिकडं वळले. गेटवरच्या वॉचमननं विचारलं, "मॅडम, काय काम?" मी म्हटलं, वाचनालय. आणि वर न जाता हॉलमध्ये जाऊन बसले. हॉल जवळजवळ रिकामा होता. गर्दी नाही, रांग नाही, आरडाओरडा नाही. कामं पटापट होत होती. माणसं येत होती, खिडकीपाशी जात होती, आणि मोबाइल बघत बाहेर पडत होती. मला हवं होतं तसंच सगळं झालं होतं.

मग एक गृहस्थ आले, साठीचे असतील. पांढरा इस्त्रीचा शर्ट, काखेत हेल्मेट. खिडकीपाशी वाकून काहीतरी म्हणाले. आतल्या मुलीनं कागद घेतले, खटाखट टाइप केलं आणि एक पावती त्यांच्या हातात ठेवली.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"हो काका, झालं. रेशन, बँक, सगळीकडे जाईल आपोआप. तुम्हाला कुठं जायची गरज नाही."

"म्हणजे आता मी…?"

"घरी जा तुम्ही."

मुलगी प्रेमळपणे बोलली होती. गृहस्थ पावती धरून तिथंच उभे राहिले. मागं दुसरं कोणी आलं तसे बाजूला झाले, हॉलभर नजर फिरवली, आणि माझ्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसले. हेल्मेट मधे ठेवलं. त्यांचा चेहरा बघितला आणि मला माझ्या त्या सगळ्या खिडक्या आठवल्या.

चष्मा काढणाऱ्या त्या बाई. सोनं झालं म्हणणारा तो गृहस्थ. गेल्या दिवाळीत आई गेलेला तो काउंटरवरचा माणूस. मायबद्दल मी तोंडानं सांगितलं ते एवढ्याच लोकांना. नातेवाइकांना सांगावं लागलं नाही, भावानं सगळ्यांना मेसेज टाकला होता. सोसायटीत बोर्डावर लिहिलं होतं. शहरभर ते ओझं घेऊन हिंडले म्हणून मी इतकी चिडले होते, पण तेवढ्या खिडक्यांपाशी कोणी ना कोणी मान वर करून माझ्याकडे बघितलं होतं. त्यानंतर मला कोणी विचारलं नाही. आणि मी माझी सगळी अक्कल पणाला लावून अशी इमारत बांधली होती, की जिच्यात माणसाला एकदाच सांगून घरी जावं लागतं.

"कोण होतं?" मी विचारलं.

ते दचकले. "हं? बायको." मग म्हणाले, "हाटकेशला माझा छोटा गाळा आहे, पॅकिंगचे बॉक्स बनवतो. ती यायची दुपारी डबा घेऊन. म्हणजे नको म्हटलं तरी यायची. दोघं तिथंच जेवायचो." आणि ते सांगत गेले. तिला बॉक्सचा वास आवडायचा. तिनं हॉस्पिटलात शेवटी विचारलं ते गाळ्याची चावी कोणाकडे आहे ते. मधेच त्यांनी मला सांगितलेलंच परत सांगितलं, डबा, नको म्हटलं तरी यायची. मी ऐकत होते. खिडकीतून वारा येत होता, आणि कुठल्याच खात्याचं माणूस आम्हाला उठवायला आलं नाही.

बोलून झाल्यावर त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. ओशाळल्यासारखे हसले. "सॉरी हां. तुमचा टाइम घेतला. तुमचं काय काम होतं इथं?"

वाचनालय, असं म्हणायला मी तोंड उघडलं.

"माझी आई वारली," मी म्हटलं.

कधी, असं त्यांनी विचारलं नाही. मधे ठेवलेलं हेल्मेट उचलून त्यांनी खाली जमिनीवर ठेवलं, आणि माझ्याकडे वळून बसत म्हणाले, "सांगा."